तिसऱ्या दिवसाची भेट : नवजात बाळांच्या घरी जाणारी सरकारी आरोग्यसेवा

रुग्णालयात जन्मलेले बाळ घरी आले की पुढच्या सहा आठवड्यांत सहा वेळा एका आशा कार्यकर्तीने त्या घरी जावे, असा देशाच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा नियम आहे. भेटींचे दिवस ठरलेले आहेत : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते आणि भेटी सात होतात. या सेवेसाठी कुटुंबाला एक पैसाही द्यावा लागत नाही. सर्व भेटी पूर्ण झाल्यावर आशा कार्यकर्तीला सरकारकडून २५० रुपये मोबदला मिळतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ही योजना देशभर लागू केली. सरकारी कागदपत्रांत तिचे नाव ‘गृहस्तरावर नवजात बालकांची काळजी’ असे असून इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एचबीएनसी’ म्हणून ओळखली जाते. दरवर्षी एक कोटीहून अधिक बाळांच्या घरी या भेटी झाल्याची नोंद होते. नव्या बाळाच्या घरी जाणारी सरकारी सेवा म्हणून जगात एवढ्या मोठ्या आकाराच्या व्यवस्था फारच थोड्या आहेत.

ही कल्पना मुळात भारतीय नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर व सॅलफर्ड भागात १८६२ च्या सुमारास गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन स्वच्छता आणि बालसंगोपनाची माहिती देणाऱ्या स्त्रिया नेमण्यात आल्या. ब्रिटनच्या आजच्या ‘हेल्थ व्हिजिटर’ सेवेचे मूळ तेथे शोधले जाते. नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर प्रशिक्षित मदतनीस रोज काही तास घरी येते आणि तिचा बहुतांश खर्च सक्तीच्या आरोग्य विम्यातून भागतो. अमेरिकेने २०१० मध्ये गृहभेटींसाठी संघराज्याच्या निधीतून स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. या देशांतील भेटींचा भर प्रामुख्याने आईला आधार देण्यावर आणि मुलाच्या वाढीवर असतो. भारतातील भेटीचा जन्म मात्र एका वेगळ्याच प्रश्नातून झाला. घरात जन्मलेले आणि डॉक्टरपर्यंत कधीच न पोहोचणारे आजारी बाळ घरातच वाचवता येईल का, हा तो प्रश्न होता.

तत्पूर्वी भारतात गृहभेटी नव्हत्या असे नाही. दिल्लीतील लेडी रीडिंग हेल्थ स्कूलमध्ये १९१८ पासून महिला आरोग्य अभ्यागतांचे प्रशिक्षण होत असे. स्वातंत्र्यानंतर उपकेंद्रांवर आरोग्य सेविका आल्या आणि २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी सेविका आल्या. परंतु आरोग्य सेविकेच्या हाती पाच-सात गावे असत आणि तिचा बराचसा वेळ लसीकरण व कुटुंबनियोजनात जाई. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ती पोहोचे तेव्हा बाळ बहुधा महिन्याचे झालेले असे. त्या महिन्यात जी बाळे गेली, त्यांची नोंदही अनेकदा कोठे उरत नसे.

गडचिरोलीतील ३९ गावे

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालमृत्यूंच्या नोंदी गावपातळीवर काटेकोरपणे ठेवण्यास त्यांनी आरंभ केला, तेव्हा अर्भकमृत्यूंचा मोठा हिस्सा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच घडतो, हे स्पष्ट होत गेले. त्या काळी रुग्णालयातील अतिदक्षता विभाग हाच नवजात बाळाच्या आजारावरील उपाय मानला जाई. जेथे ९५ टक्के बाळंतपणे घरी होत होती, तेथे हा उपाय कागदावरच राहणार हे उघड होते.

संस्थेने ३९ गावे प्रयोगासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडली. प्रयोगाच्या गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. १९९५-९६ या पहिल्या वर्षात त्यांनी मुख्यतः निरीक्षण केले. जन्माच्या वेळी हजर राहणे, त्यानंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी बाळाला तपासणे आणि जे दिसेल ते नोंदवणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन या नोंदी पडताळत.

त्या वर्षी ७६३ बाळांच्या नोंदी झाल्या. त्यांपैकी ४२ टक्के बाळे जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. वैद्यकीय मदतीची गरज ५४ टक्के बाळांना होती. ती प्रत्यक्षात मिळाली २.६ टक्क्यांना, आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. या दोन आकड्यांमधील अंतरातच पुढील सगळ्या धोरणाचे बीज आहे. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज आहे आणि ते जवळजवळ कोणालाच मिळत नाहीत, ही स्थिती रुग्णालये वाढण्याची वाट पाहत बसण्याजोगी नव्हती.

एप्रिल १९९६ पासून आरोग्यदूत उपचारही करू लागल्या. जन्मताच न रडलेल्या बाळाला मास्क लावून श्वास देणे, लहान बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, स्तनपान जमत नसेल तर आईला मदत करणे, आणि सर्वांत वादाचा भाग म्हणजे जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे. यात तोंडावाटे द्यायच्या औषधाबरोबर जेंटामायसिनचे इंजेक्शनही होते. रडणे क्षीण होणे किंवा थांबणे, दूध ओढणे कमी होणे, बाळ सुस्त पडणे, अंग थंड पडणे किंवा तापणे, नाळेला वा त्वचेला पू होणे, पोट फुगणे, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाणे, अशा ठरावीक लक्षणांपैकी दोन एकाच वेळी दिसली की संसर्ग गृहीत धरायचा, असा निकष होता. आधी कुटुंबाला रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला जाई आणि ते शक्य नसेल तर संमती घेऊन घरीच उपचार सुरू होत. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या स्त्रीच्या हाती तान्ह्या बाळासाठी सुई देणे, ही गोष्ट वैद्यकीय वर्तुळाला सहजासहजी मानवणारी नव्हती.

या प्रयोगाचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात ४ डिसेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये २५.५ पर्यंत खाली आला होता, तर तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपास जागीच होता. तुलनेने पाहता घट ६२ टक्क्यांची भरली. संसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. दर बाळामागे खर्च सुमारे पाच डॉलर होता, आणि दर १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळतो, असा हिशेब लेखकांनी मांडला.

त्यानंतरच्या दशकात दक्षिण आशियात इतरत्रही पडताळणी झाली. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात गृहभेटी व घरगुती उपचारांमुळे नवजात मृत्यूंत सुमारे एक तृतीयांश घट दिसली. उत्तर प्रदेशातील शिवगडमध्ये औषधांवर भर न देता ऊब, स्वच्छता आणि स्तनपान यांसंबंधीच्या सवयी बदलण्यावर लक्ष देण्यात आले, तेथेही मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हे दोन्ही निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून बाळाच्या पहिल्या आठवड्यातील गृहभेटींची शिफारस केली.

गावातून देशाकडे

भारत सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती नेमण्याचे ठरवले. त्यामुळे प्रत्येक गावात गृहभेटीला जाऊ शकेल अशी व्यक्ती प्रथमच उपलब्ध झाली. आशांच्या प्रशिक्षणाचे सहावे व सातवे पुस्तक ‘सर्च’च्या अभ्यासक्रमावर आधारलेले आहे. चार टप्प्यांत मिळून वीस दिवसांचे हे प्रशिक्षण असते.

आशा कार्यकर्तीच्या पिशवीत डिजिटल घड्याळ, तापमापक, झोळीचा वजनकाटा, बाळाचे दुपटे, दूध पाजण्याचा चमचा, विजेरी आणि साबण असावा, अशी अपेक्षा आहे. घरात शिरल्यावर प्रथम हात धुणे हा नियम तिच्यासाठीही आहे आणि तो पाहून घरच्यांनी शिकावा, हाही हेतू आहे. बाळाचे वजन घ्यायचे, तापमान पाहायचे, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास भरले तर पुन्हा मोजायचे आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो धोक्याचा इशारा समजायचा. बाळ छातीला नीट लागते का, ते आईशेजारी बसून पाहायचे. नाळेला काही लावले आहे का, चीक पाजला की फेकला, बाळाला लगेच न्हाऊ घातले का, हे विचारायचे. आईला ताप आहे का, अंगावरून किती जाते, हेही विचारायचे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दुसऱ्या आठवड्यात भरून निघते. त्यामुळे एकाच भेटीत घेतलेले वजन फारसे सांगत नाही. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवसाचे आकडे शेजारी ठेवले की बाळाला पुरेसे दूध मिळते की नाही ते कळते. भेटी ठरावीक दिवशी होणे म्हणूनच महत्त्वाचे.

गडचिरोलीत सिद्ध झालेल्या पद्धतीतील एक घटक मात्र राष्ट्रीय योजनेत आला नाही. आशा कार्यकर्तीला इंजेक्शन देण्याची मुभा नाही. ती लक्षणे ओळखते, तोंडावाटे प्रतिजैविकाचा डोस देऊ शकते आणि बाळाला रुग्णालयात पाठवते. केंद्राने २०१४ मध्ये जेंटामायसिन देण्याचा अधिकार दोन महिन्यांखालील आजारी बाळांसाठी आरोग्य सेविकांना दिला, तोही मुख्यतः रुग्णालयात नेण्यापूर्वीचा उपचार म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये, जेथे रुग्णालयात नेणे शक्य नाही तेथे सोप्या प्रतिजैविक उपचारांचा मार्ग मान्य केला. पण आरोग्य सेविका उपकेंद्रात असते, बाळाच्या दारात नसते. गडचिरोलीच्या प्रयोगात ओळखणारी आणि उपचार करणारी व्यक्ती एकच होती. राष्ट्रीय योजनेत त्या दोघी वेगळ्या झाल्या. मधले अंतर कधी दोन किलोमीटरचे असते, तर कधी पावसाळ्यातील नदीचे.

या निर्णयामागे कारणे होती. दहा लाखांच्या घरातील कार्यकर्त्यांवर पंधरा दिवसांनी डॉक्टरची देखरेख ठेवणे ३९ गावांइतके सोपे नाही. चुकीच्या मात्रेचा धोका आणि औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची भीतीही होती. शिवाय तोपर्यंत परिस्थिती वेगाने बदलू लागली होती.

घर बदलले, रुग्णालय आले

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील रुग्णालयीन बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ८८.६ टक्क्यांवर गेले. जननी सुरक्षा योजनेतील रोख साहाय्य, २०११ पासूनची जननी-शिशू सुरक्षा योजना, फुकट रुग्णवाहिका आणि स्वतः आशांनी गरोदर स्त्रियांना रुग्णालयात नेण्यासाठी केलेली धावपळ, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा पातळीवरील नवजात शिशू विशेष काळजी कक्ष उभा राहिला. पुढे तो नमुना देशभरच्या जिल्हा रुग्णालयांनी उचलला.

नमुना नोंदणी पाहणीनुसार देशाचा नवजात मृत्युदर २०११ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ३१ होता. २०२० मध्ये तो २० झाला. त्या वर्षी केरळमध्ये हा दर ४, दिल्ली व तमिळनाडूत ९ आणि महाराष्ट्रात ११ होता. उत्तर प्रदेशात तो २८ आणि मध्य प्रदेशात ३१ होता. शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत १२ वर येण्याचे लक्ष्य आहे, तर २०१४ च्या भारतीय नवजात कृती आराखड्याने त्याच मुदतीत एक आकडी दर गाठण्याचे ठरवले आहे. या घसरणीत गृहभेटींचा हिस्सा किती आणि रुग्णालयांचा किती, हे वेगळे काढणे शक्य नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच गावांत आणि बहुधा एकाच आशा कार्यकर्तीच्या हातून घडत गेल्या. घट झाली म्हणून गृहभेटी यशस्वी, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. रुग्णालये आली म्हणून गृहभेटींची गरज संपली, हाही तितकाच घाईचा.

नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात आणि त्यांतील मोठा भाग पहिल्या चोवीस तासांतला असतो. रुग्णालयीन बाळंतपणानंतर आशा कार्यकर्तीची पहिली भेट तिसऱ्या दिवशी येते. म्हणजे पहिल्या दोन दिवसांची जबाबदारी रुग्णालयाची, आणि बाळंतिणीने किमान ४८ तास तेथे थांबावे ही त्यामागची अट. गर्दीच्या प्रसूतिकक्षात ती अट नेहमी पाळली जाते असे नाही. खाट रिकामी हवी असते, घरी मोठी मुले वाट पाहत असतात, सोबतच्या नातेवाइकाचा रोजगार बुडत असतो. बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचते आणि त्या दिवसाची भेट कोणाच्याच वेळापत्रकात नसते.

दुसरा पेच वैद्यकीय नसून सामाजिक आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही प्रथा महाराष्ट्रातच नव्हे तर देशाच्या मोठ्या भागात आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात होते, बाळ तालुक्याच्या रुग्णालयात जन्मते आणि पहिले दीड-दोन महिने माहेरच्या गावी वाढते. नियमाप्रमाणे बाळ जेथे आहे तेथील आशा कार्यकर्तीने भेटी द्यायच्या. पण तिच्या यादीत ही स्त्री कधीच नव्हती. कोणी कळवले तरच तिला समजते. अशी बाळे दोन्ही गावांच्या यादीतून निसटतात, किंवा दोन्हीकडे चढतात. ऊसतोडीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट याहून अवघड. कारखान्याच्या परिसरातील कोपीत जन्मलेले बाळ ना मूळ गावच्या आशेला दिसते, ना तेथील आशेच्या हजार माणसांत मोडते. वीटभट्ट्या आणि बांधकामांवरच्या वस्त्यांचेही तेच.

तिसरी बाब मुलींची. नवजात शिशू काळजी कक्षांत दाखल होणाऱ्या बाळांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच कमी असते. मुलगे जन्मतः किंचित नाजूक असतात, हे त्याचे एक कारण. तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. दारात उभी राहून ‘आजच न्या’ असे सांगणारी शेजारीण येथे प्रशिक्षित डॉक्टरइतकीच निर्णायक ठरू शकते.

मोबदला कशाचा

या योजनेतील सर्वांत नाजूक दुवा पैशाचा आहे. आशा कार्यकर्ती ही सरकारी भाषेत ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. बाळाच्या सर्व भेटी झाल्यावर, साधारण पंचेचाळिसाव्या दिवशी २५० रुपये, असे २०११ मध्ये ठरले आणि पुढे वर्षानुवर्षे ते तसेच राहिले. एका भेटीचे चाळीस-बेचाळीस रुपये पडतात. जुळे झाले तर रक्कम दुप्पट, हा तपशील २०१४ च्या सुधारित सूचनांत आहे. रक्कम मिळण्यासाठी बाळाचे वजन माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवलेले हवे, जन्मनोंदणी झालेली हवी, सुरुवातीच्या लसी दिलेल्या हव्यात आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघेही सुखरूप हवेत, अशा मूळ अटी आहेत.

वरवर पाहता या अटी रास्त वाटतात. परंतु त्यांचा परिणाम असा की, मोबदला भरलेल्या फॉर्मवर मिळतो. श्वास पूर्ण मिनिट मोजले की अंदाजे लिहिले, वजनकाटा चालत होता की मागच्या भेटीच्या आकड्यात भर घालून नवा आकडा टाकला, हे फॉर्मवरून समजत नाही. ते समजण्यासाठी बरोबर कोणीतरी जावे लागते. महाराष्ट्रात हे काम गटप्रवर्तकांकडे आहे. एकेका गटप्रवर्तकाकडे वीसच्या आसपास आशा असतात आणि त्याही मोबदल्यावरच असतात. नादुरुस्त वजनकाटे, संपलेली औषधे आणि उजळणी प्रशिक्षणाचा अभाव या उणिवा वेगवेगळ्या राज्यांतील पाहण्यांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. गडचिरोलीत दर पंधरवड्याला येणारा डॉक्टर हा प्रयोगाच्या सोयीचा भाग नव्हता, पद्धतीचाच भाग होता. राष्ट्रीय योजनेने भेटींचे वेळापत्रक घेतले. देखरेखीवर मात्र हात आखडता घेतला.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील आशा कार्यकर्त्यांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने सामूहिक गौरव केला. त्यांच्या मागण्या मात्र गौरवाने मिटल्या नाहीत. महाराष्ट्रात २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. केरळमध्ये, जेथे नवजात मृत्युदर देशातील मोठ्या राज्यांत सर्वांत कमी आहे, आशांनी १० फेब्रुवारी २०२५ पासून तिरुवनंतपुरममधील सचिवालयासमोर धरणे धरले आणि ते कित्येक महिने चालले. नियमित कामांसाठीचा मासिक मोबदला केंद्राने २०१८ मध्ये १,००० वरून २,००० रुपये केला होता. २०२५ मध्ये तो ३,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. राज्ये त्यात आपापली भर घालतात. त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंच्या दोन गावांत, त्याच सहा भेटी करणाऱ्या दोन स्त्रियांची मासिक मिळकत वेगवेगळी असते.

कमी वजनाची बाळे

रुग्णालयीन बाळंतपणाच्या काळात गृहभेटीचे खरे काम कोणते, याचे उत्तर हळूहळू स्पष्ट होत आहे. ते काम म्हणजे कमी वजनाची, मुदतीपूर्वी जन्मलेली आणि विशेष काळजी कक्षातून घरी परतलेली बाळे. कक्षात यंत्रांच्या सान्निध्यात तगलेले दीड-पावणेदोन किलोचे बाळ घरी येते, तेव्हा त्याला दर दोन तासांनी दूध आणि अखंड ऊब लागते. कुटुंबाला बहुधा ते बाळ ‘बरे होऊन आलेले’ वाटते. या टप्प्यावर त्वचेला त्वचा लावून बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत सर्वांत उपयोगी आहे. हरियाणातील फरिदाबाद व पलवल जिल्ह्यांत आठ हजारांहून अधिक कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या चाचणीत ही पद्धत घरी, गृहभेटींच्या आधारे सुरू केली असता पहिल्या महिन्यातील मृत्यूंचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. यात ना सुई होती, ना महागडे उपकरण. पण आईने तासन्‌तास बाळाला छातीशी धरून बसायचे, तर पाणी कोणी भरायचे आणि चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न सासूशी आणि नवऱ्याशी बोलूनच सुटतो. ते बोलणे आशा कार्यकर्तीच्या चाळीस रुपयांत धरलेले आहे.

अशा बाळांसाठी २०१४ च्या सूचनांत तीन-तीन महिन्यांनी पुढील पाठपुराव्याच्या भेटी आणि प्रत्येक भेटीला ५० रुपये अशी तरतूद झाली. त्यानंतर २०१८ मध्ये आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन मंत्रालयांनी मिळून पोषण अभियानाच्या जोडीने ‘एचबीवायसी’ हा पुढचा कार्यक्रम आणला. त्यात सर्वच बाळांच्या घरी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशा कार्यकर्तीने जायचे असते. आता प्रश्न जगण्याचा कमी आणि वाढीचा अधिक असतो : सहा महिने निव्वळ स्तनपान झाले का, वरचा आहार कधी आणि किती, लोहाचे औषध दिले जाते का, बाळ बसू लागले का, हाकेला वळून पाहते का. बेचाळिसाव्या दिवशी जे कार्ड भरून मोबदल्यासाठी पुढे गेले, तेच कार्ड घेऊन आशा कार्यकर्ती साधारण दीड महिन्याने त्याच दारात पुन्हा उभी राहते. तोवर बाळंतीण बहुधा माहेराहून सासरी परतलेली असते, आणि दार उघडणाऱ्या घरातली आशा कार्यकर्ती वेगळी असते.